सुरमईच्या अंगातलं वारं

धाकूने सुरमईचा पुढचा पाय मांडीवर घेतला होता आणि तो खुरात अडकलेली माती खरवडत होता, तेवढ्यात कुंपणाच्या बेड्यापाशी मोटारसायकल थांबली. घोडीने एक कान तिकडे फिरवला. धाकूने मान वर केली नाही. पाहुणा कोण ते त्याला अत्तराच्या वासावरून कळलं होतं.

"धाकूकाका, आली!" निलेश गाडीवरूनच ओरडला.

"कोण आली?"

"परवानगी! बंदी कोर्टानं मागंच उठवलान, पण आपल्या किनाऱ्याचा कागद कालच हातात पडला. रविवारी घोडागाड्यांच्या शर्यती. ओहोटी बघून वेळपण ठरवलाव."

धाकूने सुरमईचा पाय खाली ठेवला. भरलेला पेला ठेवावा तसा, सांभाळून.

निलेश शर्यत कमिटीचा सेक्रेटरी होता. कमिटी स्थापन झाली तीच मुळी शर्यतींवर बंदी आल्यावर. करायला काही नव्हतं तोवर ती अतिशय एकदिलाने चालली. आता काम निघालं तशी तिच्यात दोन तट पडले होते, पण एका ठरावावर दोन्ही तटांचे हात वर गेले होते. पहिली मानाची फेरी धाकूच्या सुरमईची.

"पळवायची नाय काका, म्हातारी झाली ती. नुसती एक फेरी. तुमी गाडीत उभं राहायचं, शिटी झाली की निघायचं. पोरांना कळूंदे, गावानं काय बघितलेलं हाय ते."

"आणि ते प्राणीवाले?"

"सगळं कायद्यात. डॉक्टर येणार, कॅमेरा लागणार. चाबूक नाय, काठी नाय, खिळा नाय. जनावर फक्त प्रेमानं पळवायचं."

"आणि शिटी?"

"शिटीला कुठं बंदी हाय?" निलेशने खिशातून नवीकोरी पितळी शिटी काढून धाकूच्या हातावर ठेवली. "ही ठेवा. घोडीला जरा आठवण करून द्या."

मथुरा, धाकूची बायको, पडवीत आमसुलं निवडत होती. निवडलेली आमसुलं ज्या भांड्यात पडत होती ते भांडं म्हणजे सुरमईने मिळवलेला शेवटचा चषक होता. त्याचा एक कान तुटला होता. तिने निलेशला चहा विचारला नाही. मथुरेने पाहुण्याला चहा न विचारणं ही मोठी गोष्ट होती, पण निलेशला मोठ्या गोष्टी कमिटीत बघायची सवय होती, त्यामुळे ती त्याच्या लक्षात आली नाही.

सुरमई हे नाव मथुरेनेच ठेवलं होतं. घोडी घरात आली तेव्हा ताज्या मासळीसारखी करडी आणि चकचकीत होती. आता तिचा रंग सुकवलेल्या मासळीकडे झुकला होता. पण एके काळी, मार्गशीर्षापासून शिमग्यापर्यंत, ओहोटीच्या ओल्या वाळूवर ती धावायची तेव्हा पार भाट्ये-पावसपासून माणसं यायची. धाकू गाडीत उभा असायचा. डाव्या कानात समुद्र, उजव्या कानात गाव, आणि मध्ये घोडीच्या मानेवरचे उडणारे केस. तो उतरला की लोक त्याला रस्ता करून द्यायचे. हल्ली त्याच्या आंब्याच्या कलमांवरचे वानरसुद्धा त्याला रस्ता करून देत नव्हते.

सुरमईची कीर्ती नुसत्या पळण्याची नव्हती. तिच्या अंगात यायचं. शर्यत सोडणारा शिटी तोंडात धरायचा आणि वाजवायचा, तशी घोडीच्या खांद्यापासून एक थरथर उठायची ती पार मागच्या पायांपर्यंत जायची. मान घामाने काळी पडायची, डोळ्यांतलं पांढरं दिसायचं. गावाने अशी थरथर पालखीच्या वेळी माणसांत पाहिली होती, त्यामुळे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. हे देवीचं वारं. गुरवाने पुढे होऊन घोडीच्या कपाळाला कुंकू लावलं, बायकांनी नारळ ओवाळला, आणि तेव्हापासून इतरांच्या घोड्या चाबकाने पळायच्या, धाकूची देवीने पळायची. चाबूक धाकूच्याही हातात असे. तो लावायचाही. पण मनापासून लावायचा नाही, असं तो अभिमानाने सांगे.

बंदी आली तेव्हा घोडी ऐन भरात होती. त्याच वर्षी एका दुपारी तिने दावं तोडलं, कुंपणाच्या तारेत पाय फाडून घेतला आणि ती पळाली. संध्याकाळी धाकूला ती गावाच्या वर, सड्यावर सापडली, उघड्या कातळावर एकटी उभी. ही हकिकत त्याने पुढे रत्नागिरीच्या एसटी स्टँडपर्यंत सगळ्यांना ऐकवली. मुकं जनावर, पण शर्यतीच्या आठवणीने वेडं झालं! कुणी चौकसपणे विचारलंच, की किनारा तर खाली आहे आणि घोडी सापडली वर, तर तो म्हणे, "वेडा झालेला माणूस दिशा बघतो काय?"

भाट्याला पर्यटकांना फिरवायला घोडी द्या म्हणून दोनदा माणसं येऊन गेली. धाकूने दिली नाही. मुंबईहून मुलगा सुहास फोनवर विचारी, "बाबा, तिचा उपयोग काय आता?" धाकू म्हणे, "आमी दोघं वाट बघतोय." कशाची, ते सांगावं लागत नसे.

निलेश गेला. धाकूने शिटी धोतराला पुसली.

"आता नको," मथुरा म्हणाली.

"आता नको तर कधी? रविवारी तिथं उभी राहिली आणि विसरली असली तर? गावासमोर शोभा."

"विसरली असली तर देवाची कृपा."

धाकूला हे बायकी बोलणं वाटलं. मथुरा पहिल्यापासून भित्रीच. सुहासने एवढा चांगला कुकर पाठवला, तर एकदाच वापरला आणि बाईने त्यात रवा भरून फडताळात टाकला. का, तर म्हणे फुटेल. शेजारपाजारची सारी आवाट तिला हसली. सून स्वप्ना येऊन शिकवून गेली. मथुरा ढिम्म. तेव्हापासून घरात वरण पातेल्यात शिजतं आणि दाताखाली येतं. धाकू रोज कुरकुरतो आणि रोज जेवतो.

तो अंगणाच्या मध्यावर जाऊन उभा राहिला. छाती जरा पुढे आली. त्याने शिटी वाजवली.

सुरमई गवत खात होती. तोंडातलं गवत तोंडातच राहिलं. मग खांद्याची कातडी हलली, माशी बसल्यासारखी. मग थरथर उठली. पोटावरून मागे गेली, पायांत उतरली. दावं ताणलं गेलं. म्हाताऱ्या मानेवर घामाची काळी रेघ उमटली.

"बघ गो!" धाकूचा आवाज फाटला. "मथुरे, बघ! आली अंगात! विसरली नाय!"

त्याचे डोळे भरून आले होते. तो नाकाने वास घेत होता, अंगणात खारा वारा आल्यासारखा. पडवीच्या आढ्याला टांगलेला गाडीचा साज काढायला तो वळला आणि त्याने पाहिलं, की मथुरा आमसुलांचा चषक कलंडवून उठली आहे आणि चपला न घालता अंगणात उतरली आहे. ती घोडीजवळ गेली. सुरमईने आपलं लांब तोंड तिच्या काखेत घातलं आणि तसंच दडवून ठेवलं. मथुरेने पदर ओढून तिच्या कानांवर धरला. हे ती पहिल्यांदाच करत नव्हती. दोघींनाही ते सरावाचं होतं.

"वाजवू नका पुन्हा," ती म्हणाली.

"अगो, देवीचं वारं ते."

"कुकर चढवला होता मी तेव्हाबी हेच वारं आलं होतं."

"कधी?"

"त्या दुपारी. पहिली शिटी झाली आणि हिनं दावं तोडलान. देवी काय कुकरात बसून आली होती?"

धाकूने उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर रोजच्या सवयीचं होतं, दिशेबद्दलचं. ते त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच बसलं. त्याने खाली समुद्राकडे बघितलं. मग वर सड्याकडे बघितलं. मग साज टांगलेल्या आढ्याकडे. कुठेतरी बघायला हवं म्हणून.

तो म्हणाला, "मग बोलली का नाय इतकी वर्षं?"

"बंदी होती. शिटी वाजत नव्हती. आणि तुमी त्या हकिकतीवर जगत होतात." मथुरा घोडीच्या मानेवरचा घाम पदराने पुसत होती. "वरणाचं काय, चावून खाता येतं."

दुसऱ्या दिवशी धाकू कमिटीच्या मांडवात गेला.

"घोडी येत नाय," त्याने सांगितलं.

"काय झालं?" निलेश खुर्चीतून उठला. "आजारी हाय?"

"तिच्या अंगात येणं बंद झालं. देवीची बदली झालीय."

"कुठं?"

"ते गुप्त असतं."

निलेशने थोडा विचार केला. मानाच्या फेरीच्या जागी मानाचा सत्कार बसवता येत होता. "मग तुमी तरी या काका. व्यासपीठावर. शाल, श्रीफळ. माइकवर तुमचं नाव घेतो, जुन्या शर्यती सांगतो."

धाकू नाही म्हणायला गेला आणि हो म्हणून परत आला.

रविवारी सकाळी त्याने इस्त्रीचा सदरा घातला. मथुरेने सुरमईचं दावं सोडलं होतं आणि डबा बांधला होता. खालच्या किनाऱ्यावरचे भोंगे घरापर्यंत ऐकू येत होते, माइकवर कुणीतरी एक-दोन-तीन मोजत होतं.

"तुमी जा खाली," ती म्हणाली. "हिला नेते मी वर. शाल चांगली असली तर घ्या, नायलॉनची असली तर तिथंच कुणाला तरी द्या."

धाकू पाणंदीने निघाला. वडाच्या वळणावर वाटेला दोन फाटे फुटत. एक खाली वाळूकडे, दुसरा वर सड्याकडे. खालून ढोल सुरू झाला होता. वाळूचा वास येत होता, ओला, ओहोटीचा. भोंग्यावर त्याचं नाव ऐकू आलं, मागे "दर्याचा वाघ" असं काहीतरी लावलेलं. धाकू उभा राहिला. पूर्ण ऐकून घेतलं. मग पुन्हा एकदा घेतात का, याचीही वाट बघितली. घेतलं. मग तो वरच्या फाट्याला लागला.

सड्यावर पोचेपर्यंत सदऱ्याची इस्त्री गेली होती. मथुरेने त्याला येताना पाहिलं आणि डबा सोडला. सुरमई कातळाच्या भेगांतलं वाळलं गवत खुडत होती, समुद्राकडे पाठ करून. धाकू मात्र समुद्राकडे तोंड करून बसला. इथून किनारा बोटभर दिसत होता. त्यावर माणसांची काळी किनार, आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यावर दोन ठिपके उभे. गाड्या जुंपून झाल्या होत्या.

"जेवा," मथुरा म्हणाली.

त्याने घास घेतला. डाळ नेहमीसारखी दाताखाली आली.

"आज मऊ झालंय वरण."

"खोटं बोलू नका. जेवा."

आवाज वर येत नव्हता. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. धाकूचा डावा हात गुडघ्यावर होता, त्याची बोटं लगाम धरल्यासारखी मिटली होती. त्याला ते ठाऊक नव्हतं. मथुरेला दिसत होतं, म्हणून ती दुसरीकडे बघत होती. दोन्ही ठिपके अजून उभेच होते. धाकूने घास गिळला आणि कान टवकारले. एवढं उंच चढून येताना त्याने मनात एकच गोष्ट मागितली होती, की नुसतं ऐकू यावं. एकदा तरी.

आणि वारा फिरला. दुपारी फिरतो तसाच, समुद्रावरून वर. आधी ढोल आला, मग माणसांचा गलका, ओळखीचा, भरतीसारखा वाढत जाणारा. धाकूची पाठ ताठ झाली. मग गलका एकदम थांबला. शिटी तोंडात धरली की गाव असंच गप्प होतं.

सुरमईने मान वर केली.

धाकूने गवताची काडी तिच्या ओठात थांबलेली पाहिली. तो उठून उभा राहिला, तिच्या आणि समुद्राच्या मध्ये, आणि गणपतीतली आरती म्हणायला लागला. टाळ नाही, मृदंग नाही, सूर तर नाहीच. गणपतीत त्याच्या शेजारी उभं राहायला लोक का टाळतात ते त्या सड्याला त्या दिवशी कळलं. मथुरेने आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग डब्याचं झाकण उचललं आणि त्यावर चमच्याने ठेका धरला.

एक आरती संपली, त्याने दुसरी धरली. समुद्राला पाठमोरा, डोळे मिटून, मानेच्या शिरा फुगवून, इतक्या मोठ्याने, की खाली गाव पुन्हा ओरडायला लागलं तेही त्याला ऐकू आलं नाही. काडी सुरमईच्या तोंडात हळूहळू आत गेली.

पहिला कोण आला, ते धाकूला कळलं नाही.