दुसऱ्या ओळीतलं चौथं अक्षर

मामांनी पडदा बाजूला सारला तोच मुळी लढाई जिंकल्याच्या थाटात. कानावर पेन्सिल, एका हातात चतकोर कागद, दुसऱ्या हातात फॉर्म.

"फूटपट्टी, तू मोजायला चुकलीस."

फूटपट्टी हे तिचं घरातलं नाव. नऊ वर्षांची असताना तिने भावंडांत कलिंगडाच्या फोडी पट्टीने मोजून वाटल्या होत्या, तेव्हा मामांनीच ठेवलेलं. आता ती चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत लोकांचे डोळे तपासायची, तरी नाव जागचं हललं नव्हतं.

"काय मोजायला चुकले?"

"अक्षरं. तक्त्यावर दहाच आहेत म्हणालीस. अकरा आहेत."

गोष्ट तिच्यापासूनच सुरू झाली होती. महिन्यापूर्वी तिने सहज सांगितलं होतं, की भिंतीवरच्या तक्त्यात दहाच इंग्रजी अक्षरं फिरून फिरून येतात: सी, डी, एच, के, एन, ओ, आर, एस, व्ही आणि झेड. ही दहा वाचायला साधारण सारखीच सोपी किंवा अवघड. आणि त्यांचे मुद्दाम शब्द होऊ देत नाहीत, कारण शब्द झाला की माणूस बघायचं सोडून ओळखायला लागतो.

मामा निवृत्त मुद्रितशोधक. छत्तीस वर्षं त्यांनी छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं होतं आणि उरलेला वेळ शब्दकोड्यांत घातला होता. दहा अक्षरं, त्यात स्वर एकटा ओ, आणि त्यांतून लांबात लांब इंग्रजी शब्द काढायचा! मामांना बसल्या जागी काम मिळालं. मामी बाजारात गेली की दर गुरुवारी ते पडद्याबाहेरच्या बाकावर येऊन बसत आणि आतल्या माणसाचं वाचन ऐकत कागदावर अक्षरं जुळवत. मजल सात अक्षरांवर येऊन अडली होती.

"आज बारा!" मामांनी कागद टेबलावर आपटला. "ऱ्होडोडेंड्रॉन. डोंगरावरचं फूल आहे. आर, एच, ओ, डी, ओ, डी, ई, एन, डी, आर, ओ, एन. आता बोल."

"ई नाहीये तक्त्यावर."

"आहे."

"मामा, मी रोज बघते हा तक्ता."

"रोजचं माणसाला दिसत नाही, बाई. माझंच बघ, मामीने केस कापले ते मला चार दिवसांनी कळलं. वरून दुसरी ओळ, चौथं अक्षर. चांगलं तळहाताएवढं आहे."

तिने वळून पाहिलं. दुसऱ्या ओळीत चौथा झेड होता. जाड, काळा, चौकोनी झेड. वर आडवी रेघ, खाली आडवी रेघ, मध्ये तिरकी. ही तीन रेघांची आकृती धुक्यातून पाहिली तर तिचा ई होईल, हे तिच्या लक्षात आलं.

"आणि हा फॉर्म," मामा म्हणाले. "गाडी चालवण्याचा परवाना महिनाअखेर संपतोय. नजर ठीक असल्याचा दाखला हवा. छापील मजकूर मी वाचून घेतलाय, एकही चूक नाही. तू फक्त सही कर."

"आधी तपासते."

"घरच्या माणसालाही?"

"घरच्या माणसाला दोनदा."

मामा खुर्चीत बसले. तिने त्यांचा डावा डोळा झाकला आणि नेहमीसारखी चौथ्या ओळीपासून सुरुवात केली. मामांनी चौथी वाचली, पाचवी वाचली, शेवटची बारीक ओळ तर एका दमात. कुठे अडखळणं नाही, डोळे बारीक करणं नाही. त्यांचा आवाज तिने नीट ऐकला. मामा तक्ता वाचत नव्हते, म्हणत होते. पाढ्यासारखा.

पडद्याबाहेरचे गुरुवार तिला आठवले. लोक चौथ्या ओळीपासून पुढेच वाचायचे. वरच्या मोठ्या ओळी मामांच्या कानांवर कधी पडल्याच नव्हत्या, आणि एवढाली अक्षरं पाठ करायची गरज त्यांना वाटली नसणार.

तिने खणातून दुसरा तक्ता काढून भिंतीवर लावला.

"आता वाचा."

मामा खुर्चीत पुढे सरकले. "हा कुठला?"

"नवा आहे. वाचा ना."

"पहिलं... ओ असेल. किंवा सी."

"असेल नको. मामा, छापखान्यात नवा माणूस आला की तुम्ही त्याला पहिल्यांदा काय सांगायचात?"

मामांनी फॉर्मची घडी घातली, उलगडली. "शब्द वाचू नकोस, अक्षर वाच," ते हळूच म्हणाले. "शब्द ओळखीचा असतो, तो डोळ्यांत धूळ फेकतो."

"मग?"

"मग काय. फेकली."

तिने दिव्याखाली त्यांचे डोळे पाहिले. दोन्हीकडे मोतीबिंदू, चांगला पिकत आलेला.

"समोरच्या गाड्यांचे दिवे पसरतात?"

"थोडे. फुलासारखे."

दर रविवारी हेच मामा मामीला शेजारी बसवून घाटापलीकडे लेकीकडे जायचे. मामीला बस लागायची आणि दोन वर्षांची नात दारात उभी असायची. हा रविवार जाऊ नये म्हणून मामांनी कानांवर पडेल तेवढा तक्ता पाठ केला होता.

"सही नाही, मामा."

"तुला सायकल मी शिकवली."

"हो. आणि तेव्हा एकच वाक्य ओरडत होतात, 'समोर बघ!'"

मामांना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. "डोळ्यात सुरी घालतात म्हणे."

"वीस मिनिटांचं काम आहे. तुमचं एक आडवं उत्तर सुचायला याहून जास्त वेळ लागतो."

सात आठवड्यांनी, दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊन, मामा परत आले. गाडीची किल्ली मात्र मामीच्या बोटात फिरत होती. रविवार चुकायला नको म्हणून मामीने परस्पर शिकवणी लावली होती आणि परवानाही मिळवला होता.

"वळताना जीभ बाहेर काढते," मामांनी तक्रार केली.

"अहो, पण वळते ना!" मामी म्हणाली.

भिंतीवर जुनाच तक्ता होता. मामा खुर्चीत बसले आणि न सांगता दुसऱ्या ओळीकडे बघत राहिले. बराच वेळ.

"झेड," ते म्हणाले. "अगदी उघडाबोडका झेड. गेलं माझं फूल."

"मग हरलात?"

"हरतोय कसला. पट्टी बांधून पडलो होतो तेव्हा एक सापडलाय. कॉन्कॉर्ड्स. सी, ओ, एन, सी, ओ, आर, डी, एस. आठ. म्हणजे सलोखे."

"सलोख्याचं अनेकवचन कशाला?"

"एकाने भागत नाही. लग्न झालंय माझं."

तिने सगळ्या ओळी वाचून घेतल्या, मग खणातला तक्ता लावून पुन्हा वाचून घेतल्या, आणि फॉर्म भरून सही केली. मामांनी तो हातात धरला. मान एकाएकी पुढे गेली. कानावरची पेन्सिल खाली आली.

"हे काय? 'दृष्टि प्रमाणपत्र'? दृष्टीला ऱ्हस्व ष्टि? किती वर्षं वाटतेस हा फॉर्म?"

"सहा. आणि मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात, एकही चूक नाही."

"मागच्या वेळी मला दृष्टीच नव्हती, तिची वेलांटी कुठून दिसणार!"

"खाडाखोड केलीत तर दाखला बाद होईल हं, मामा."

पेन्सिल हवेत थांबली. मामांनी एकदा त्या वेलांटीकडे पाहिलं, एकदा मामीच्या बोटातल्या किल्लीकडे, आणि मोठ्या कष्टाने पेन्सिल कानावर परत ठेवली.

ती दारापर्यंत आली. मामीने चाकामागची जागा आधीच धरली होती. मामा शेजारी बसले, काच खाली केली, आणि गाडी हलली तसे समोरच्या प्रत्येक गाडीची पाटी मोठ्याने वाचत गेले, एकेक अक्षर सुटं करून.