मोझेलमामींच्या गाण्याची झील

आमच्या बेंजो पार्टीचा एक नियम आहे आणि तो आमचा म्होरक्या भगवानदादा याच्या वडिलांपासून चालत आला आहे. पहिली चाल त्या घरच्या देवाची. हळद गव्हाणची असो वा उरणची, ढोलावर पहिली थाप पडते ती एकवीरा आईच्या गाण्यावर. दर्ग्याच्या संदलमध्ये पहिली कव्वाली, चर्चच्या सणाला पहिलं गाणं मेरीमातेचं. सिनेमाची गाणी, कोळीगीतं, ज्यांवर लोक घामाघूम होऊन नाचतात ते सारं त्यानंतर. पहिली चाल संपेपर्यंत नाचायला कोणी पुढे येत नाही. आलाच एखादा, तर घरातली म्हातारी माणसं त्याला कोपराला धरून मागे घेतात.

या पार्टीत बेंजो मी, चारू, वाजवतो. एरवी आठवडाभर बेलापूरच्या एका कार्यालयात संगणकासमोर बसलेला असतो. बोलण्यात मी कच्चा आहे. चारचौघांत माझं वाक्य अर्ध्यावर आलं की दुसरं कोणीतरी ते पूर्ण करतं, आणि मलाही ते बरं वाटतं. बेंजोच्या पट्ट्या दाबताना मात्र मला कोणी मध्येच तोडत नाही. भगवानदादाने मला प्रथम ऐकलं तेव्हा तो म्हणाला होता, "तोंडाचा मुका हाय, पन बोटांचा वाचाळ हाय. घ्या याला."

इतक्या घरांच्या पहिल्या चाली माझ्या बोटांत येऊन राहिल्या, पण आमच्या घराला अशी चाल नव्हती. आईबाबा नोकरीसाठी पुण्याहून नवीन पनवेलला आले तेव्हा त्यांच्या सामानातून गाणं काही आलं नाही. गणपतीत आरती फोनवर लागते आणि आम्ही तिघं तिच्या मागून टाळ्या वाजवतो. याचं कोणाला दुःख नव्हतं. मला थोडं होतं.

दिवाळी झाल्यावर एलूमामा आष्टमकर सुपारी घेऊन आले. पनवेल गावातल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरांपैकी जी थोडी उरली आहेत त्यांतलं त्यांचं एक. नातीचं, याएलचं लग्न रविवारी सिनेगॉगमध्ये होतं आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी मेंदी.

"शनिवारी संध्याकाळी," भगवानदादा म्हणाला. "दिवस कलला की चालू करतो, मामा."

"दिवस कलल्यावर नाही. तारे दिसल्यावर. तीन तारे दिसेपर्यंत आमचा शब्बाथ असतो. तोवर दिव्याचं बटणसुद्धा दाबत नाही आम्ही, आणि तू भोंगे लावशील!"

"बरं, तारे तर तारे. पैली चाल कंची?"

एलूमामांनी काठी दोन्ही तळव्यांखाली धरली. "आमच्या मोझेलची," ते म्हणाले.

मोझेलमामी त्यांच्या पत्नी. याएल चालायला लागली त्या सुमारास त्या गेल्या. पनवेलच्या प्रत्येक मेंदीत त्या एक गाणं म्हणत. ते याएलने कधी ऐकलं नव्हतं, आणि लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर इस्राएलमध्ये, अश्दोदला, जायची होती. "एकदा तिच्या कानावर पडू दे," एलूमामा म्हणाले. "मग ती जिथे जाईल तिथे जाऊ दे."

म्हणून रोज संध्याकाळी मी त्यांच्या ओटीवर जाऊन बसू लागलो. ते गुणगुणत आणि मी पट्ट्यांवर सूर शोधत असे. गाण्याची ओळ सोपी होती, शुभकार्याला घरी येणाऱ्या त्यांच्या प्रेषिताची, एलियाहूंची:

*मेंदी वाटा गं सयांनो, पाट्यावरती,*
*नबी एलियाहू येतील दारावरती...*

इथे एलूमामा थांबत.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे झील. ती मागच्या बायका धरायच्या."

"कशी होती?"

एलूमामा ओशाळून हसले. "अरे, मेंदीत बायका आत असायच्या. मी बाहेर खुर्च्या मांडत असायचो. मोझेलचा आवाज खणखणीत, तो भिंतीपलीकडून यायचा. झील म्हणजे नुसता गलका ऐकू यायचा."

त्यांचा मुलगाही बाहेर खुर्च्याच मांडत असे. सून अहमदाबादची, तिच्या माहेरची गाणी वेगळी. झील धरणाऱ्या बायका एकेक करून इस्राएलला गेल्या होत्या. याएलने अश्दोदला, दिमोनाला, लोदला फोन लावले. मोझेलमामींच्या बहिणीला आता स्वतःचं नावही आठवत नव्हतं. एका मावशीने तिथल्या मेंदीचा व्हिडिओ पाठवला, त्यात डीजे होता आणि सगळे गोल फिरत होते. दुसरीने लिहिलं, 'छान गाणं होतं गं,' आणि त्यापुढे पाच लाल हृदयं.

मग मीच झील रचायला बसलो. एक मंद चाल केली, एक उडती केली, एक आगरी लग्नातल्या धवल्याच्या वळणाची केली. एलूमामा डोळे मिटून प्रत्येक चाल ऐकत.

"छान आहे," ते म्हणत. "पण ही नव्हे."

याएल दारात उभी राहून हे ऐकत असे. एकदा ती म्हणाली, "आजोबा, चारूचीच चाल ठेवा ना. मला कुठे कळणार आहे?"

"तुला नाही कळणार," एलूमामा म्हणाले. "म्हणूनच तर खरी हवी."

यानंतर तिने तो विषय काढला नाही. पण त्या रात्री मी घरी आल्यावर, आमच्या सज्ज्यात अंधारात बसलो असताना, सगळ्यांत साधी अशी एक चाल बोटांखाली आली. एलूमामांना ती ऐकवली तेव्हा त्यांनी काठी पुन्हा दोन्ही तळव्यांखाली धरली. शेवटी म्हणाले, "ही वाजव. दुसरं काय करणार." त्यांनी हार मानली होती, आणि माझ्या चालीला मिळालेली ती पहिली संमती मला आनंदाने घेता आली नाही.

शनिवारी आमचा टेम्पो त्यांच्या गल्लीत शिरला तेव्हा उजेड होता. खुर्च्या आदल्या दिवशीच मांडून ठेवलेल्या होत्या. आमच्या ढोलवाल्या रूपेशने सवयीप्रमाणे ढोल गळ्यात अडकवला आणि तपासणीची थाप मारायला टिपरू उचललं. मी धावत जाऊन त्याचा हात धरला.

"काय झालं रं?"

"तारे," मी म्हणालो.

"कसलं तारं?"

भगवानदादाने कपाळावर हात मारला. "अरे, ते तीन तारं. ढोल खाली ठेव आनि वर बघ."

तेव्हा आम्ही सगळे वर पाहू लागलो. पनवेलचं आकाश तारे शोधायला फारसं सोयीचं राहिलेलं नाही. बांधकामांची धूळ, हमरस्त्याचे दिवे, आणि नव्या विमानतळाच्या बाजूला कायम पसरलेला पिवळट उजेड. एलूमामा पांढरी टोपी घालून अंगणात उभे होते. समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. वाण्याचं कुटुंब आलं, इस्त्रीवाला आला. काय शोधायचं आहे हे कळल्यावर प्रत्येक जण त्यात पडला.

"तो बघा, एक!" कर्नाळ्याच्या बाजूला खरोखरच एक तारा होता. लगेच दुसराही मिळाला.

"तिसरा! मामा, तिसरा!" रूपेश ओरडला. "केवढा झकास हाय!"

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. झकास तारा हळूहळू खाली येत मोठा झाला, त्याच्या बाजूला एक लाल ठिपका लुकलुकू लागला, आणि तो गरजत उलव्याच्या दिशेने निघून गेला.

"तुझा तारा दिल्लीहून आला वाटतं," एलूमामा म्हणाले, आणि गॅलरीपर्यंत हशा पोचला.

त्या हशातच एक रिक्षा येऊन थांबली. उतरल्या त्या हाजराचाची. पूर्वी त्या शेजारच्या घरात राहत, आता मुलाकडे उरणला असतात. हातात मलिद्यासाठी आणलेली केळी आणि खजूर. "काय एलूभाई, सगळी गल्ली वर तोंड करून? पाऊस पाडताय काय?"

"तिसरा तारा मिळत नाही, हाजरा."

"अल्ला! तुमच्या मोझेलला कधी शोधावा लागला नाही. त्या टाकीच्या उजवीकडे बघा. तिथून निघतो तो."

टाकीच्या उजवीकडे, फिकट पण निश्चल, तिसरा तारा होता. एलूमामांनी तो नीट पाहून घेतला. मग ते आत गेले. थोड्या वेळाने आतून शब्बाथ संपवण्याच्या प्रार्थनेचा आवाज आणि लवंगेचा वास आला, आणि घरातले दिवे लागले.

याएल पांढऱ्या साडीत पाटावर बसली. समोर नबी एलियाहूंच्या नावाने मांडलेलं मलिद्याचं ताट, गोड पोहे, खोबरं, फळं आणि वर गुलाबाची फुलं. बायका आत, पुरुष बाहेर अशी जुनी वाटणी आता राहिली नव्हती. सगळे अंगणातच होते. भगवानदादाने मला खूण केली. एलूमामांनी कापऱ्या आवाजात पहिली ओळ म्हटली, मी ती बेंजोवर उचलली, आणि ओळ संपल्यावर माझी झील वाजवली. लोक कौतुकाने माना डोलावू लागले. एलूमामा खाली पाहत होते. हाजराचाचींचा हात केळं सोलता सोलता थांबला.

दुसरी ओळ सुरू होणार तोच मशिदीतून इशाची अजान आली. भगवानदादाने हात वर केला. आम्ही थांबलो, जसे नेहमी थांबतो. रूपेशने ढोलाच्या चामड्यावर तळवा ठेवून त्याची शेवटची थरथरही दाबून टाकली. चाचींनी पदर डोक्यावर घेतला. अजान गल्लीवरून गेली आणि तिच्यामागे एक स्वच्छ शांतता राहिली.

मी पुन्हा पट्ट्यांवर बोटं ठेवली.

"थांब रे बेटा," हाजराचाची म्हणाल्या. "हे काय वाजवतोस मघापासून?"

"झील," मी म्हणालो.

"ही कसली झील? हे तर कोणीतरी रडतंय." आणि केळं तसंच हातात धरून त्या म्हणाल्या:

*येऊ द्या गं, येऊ द्या, दार उघडं हाय,*
*इलियास नबींना बसायला पाट हाय!*

ती चाल खाली उतरतच नव्हती. प्रत्येक शब्दागणिक एक पायरी वर चढत होती आणि शेवटी दारावर थाप मारावी तशी थांबत होती. माझ्या कोणत्याही चालीला ही हिंमत झाली नव्हती.

एलूमामांची काठी खाली पडली. ती कोणी उचलली नाही.

"हाजरा," ते म्हणाले, "तुला येते?"

"येते म्हणजे? मोझेलच्या मागे बसून कोण म्हणायचं? तुमच्या बायका अर्ध्या गेल्या तेव्हा तिने मला ओढलं, आणि तुझ्या आईला पण, भगवान. म्हणायची, गळा असला की झालं."

"माजी आय?" भगवानदादा म्हणाला. "तिनं कंदी सांगलं नाय."

"आम्ही अश्दोदपर्यंत फोन केले, चाची," याएल म्हणाली. तिचा आवाज हसण्याच्या आणि रडण्याच्या मधोमध होता.

"आणि उरणला?" हाजराचाचींनी विचारलं.

ज्यूंचं गाणं ज्यूंकडेच असणार, हे आम्ही इतकं सहज धरून चाललो होतो, की आमंत्रण द्यायला चाचींना फोन केला तेव्हाही एलूमामांनी फक्त रिक्षाचं विचारलं होतं.

"नबींचं नाव मी माझ्या तऱ्हेने घेते," चाची जरा संकोचून म्हणाल्या. "मोझेल चालवून घ्यायची. दोघे एकच आहेत म्हणायची."

"हीच," एलूमामा म्हणाले. "अगदी हीच. मला तो गलका ओळखू येतो."

मग गाणं पुन्हा पहिल्यापासून झालं. एलूमामांनी ओळ म्हटली, चाचींनी झील धरली, आणि मी बेंजो इतका हळू ठेवला की तो त्यांच्या आवाजाखाली चटईसारखा अंथरलेला राहावा. दुसऱ्या कडव्याला अहमदाबादची सून झील म्हणू लागली, वाण्याची बायको म्हणू लागली. तिसऱ्याला याएलने तोंड उघडलं. तिच्या बोटाला मेंदी लावली जात होती, ते बोट ताठ धरून ती चाचींकडे पाहत म्हणत होती, एक शब्द मागे, मग अर्धा शब्द मागे, आणि शेवटच्या वेळी बरोबर. कधी ती 'एलियाहू' म्हणाली, कधी 'इलियास'. एलूमामांनी दुरुस्त केलं नाही.

पहिली चाल संपली. रूपेश इतका वेळ दाबून धरलेला ढोल घेऊन उठला, आणि त्यानंतर ती गल्ली भोंगे बंद करण्याची वेळ येईपर्यंत नाचली. एलूमामाही खुर्चीवरून हात हलवून नाचले. त्यांना आता खुर्च्या मांडायच्या नव्हत्या.

निघताना याएल टेम्पोजवळ आली. "चारू, तुझी चाल वाया गेली रे."

मला काही तरी चांगलं बोलायचं होतं. "चाचींची बरोबर होती," एवढंच मी म्हणालो. ते खरं होतं, आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. तिने मेंदीचं बोट सांभाळत दुसरा हात हलवला.

टेम्पो उरण फाट्याकडे वळला. हाजराचाची पुढे, चालकाशेजारी, मलिद्याचा डबा मांडीवर घेऊन पेंगत होत्या. त्यांना उरणला सोडायचं होतं. मागे भोंग्यांच्या मध्ये आम्ही दाटीने बसलो होतो.

"ती झील भारी हाय," रूपेश म्हणाला. "नेऱ्याच्या हळदीत वाजवू या?"

"नाय," भगवानदादा म्हणाला. "ती त्या घरची हाय. पैली चाल अशी उचलून नाय नेत." मग तो माझ्याकडे वळला. "पन चारू, तुजी ती दुसरी. रडकी."

"तिचं काय?"

"ती कुनाच्याच घरची नाय ना?"

"नाही."

"मंग ठेव ना तुज्या घराला. तुज्या लग्नात पैली ती वाजवू. तवर जरा हसायला शिकव तिला."

रूपेश मोठ्याने हसला. मांडीवरच्या बेंजोच्या पट्ट्यांवर, तारांना आवाज न करू देता, मी ती चाल एकदा वाजवून पाहिली, आणि शेवटचा सूर खाली न सोडता एक पट्टी वर नेला.