सगुणाबाईंचा आवाज

उदयसिंह सरांनी तक्रारीचा फोन टेबलावर ठेवायला सांगितला. सर आमच्या कारखान्याचे प्रमुख. शेजारी पॅकिंगचा सुपरवायझर हिरामण बसला होता.

तो फोन म्हणजे माझीच अक्कल. रबाळ्याच्या आमच्या रंगाच्या कारखान्याला आचारसंहिता, म्हणजे वागणुकीचे लेखी नियम, हवी होती, कारण परदेशी गिऱ्हाइकानं मागितली. एचआर म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, नुसतं गुळगुळीत लिहून भिंतीवर डकवायचं असेल तर नूरीन कशाला हवी? मी तक्रारीचं कलम घातलं. लिहायला बायका कचरतात म्हणून एक नंबर दिला. फोन करा, बोला, रेकॉर्ड होईल, नाव कुणाला कळणार नाही. सरांनी सही केली, फोटोही काढून घेतला. मी खूश.

मग पहिलाच फोन आला.

"पॅकिंगच्या मागच्या दरवाज्याला हिरामन कुलूप लावून ठेवतंय. कोन बाहेर जावाला नको म्हनून. बाजूला थिनरचे डरम हायेत. आग लागली त आमी जावाचं कुठं?"

आवाज पॅकिंगमधल्या सगुणाबाईंचा. शेजारच्या तळवली गावात लग्न असलं की विधीची गाणी, म्हणजे धवले, त्याच गातात. अर्धं पॅकिंग तळवलीचं. हिरामणही तिथलाच आणि त्याच्या लग्नातही धवले यांनीच गायलेले. नाव लपवून काय उपयोग, पहिल्या शब्दाला गाव ओळखेल. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. बाईंचं घर या पगारावर चालतं आणि कुणाला कामावर ठेवायचं ते हिरामण ठरवतो.

मी सरांना फक्त तक्रार सांगितली. तासाभरात कुलूप निघालं. मला वाटलं, सुटले.

"दरवाजा उघडला ना? विषय संपला," सर आता म्हणाले. "कोण बोललं ते ऐकू द्या."

"सर, नाव सांगायचं नाही असं आपणच ठरवलंय."

"नाव कुठे विचारतोय? आवाज ऐकवा."

हिरामण हसला. "घरातलीच मानसं, मॅडम. आमी काय खानार हाव तिला?"

त्याच्या त्या हसण्याची मला भीती वाटली. "तक्रार माझी आहे," मी म्हटलं.

"मग त काय हरकत नाय. तुमचा आवाज ऐकू."

खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं ना. सरांनी हात पुढे केला. मी फोन उचलला, रेकॉर्डिंग काढलं आणि दोघांच्या देखत पुसून टाकलं.

सरांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

पर्स घेऊन मी निघाले. गेटकडे जायला पॅकिंगमधूनच रस्ता. हिरामण माझ्या मागे. बायकांच्या माना खाली. सगुणाबाई खोक्यांना टेप लावत होत्या. मी मनात म्हणत होते, वर बघू नका, बाई, तुम्हाला माझी शपथ.

"मॅडम कुठं चालल्या?" त्यांनी विचारलं.

"मॅडमनी नोकरी घालवली," हिरामण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "कुनाला तरी लपवाच्या नादात."

सगुणाबाईंनी टेप खाली ठेवली. मी मानेनं नको म्हटलं. तरी बोलल्या, आणि त्या आवाजाला माइक लागत नाही.

"मना लपवत व्हती. तुज्या लग्नान धवले मी गायले, हिरामन. माझा आवाज वलखतो ना? मंग ऐक. दरवाज्याचं मीच सांगितलं."

हिरामणनं त्यांच्याकडे बघितलं, मग उघड्या दरवाज्याकडे. काय करेल याचा मला अंदाज येईना. माझी भीती तशीच होती, फक्त आता लपवायला काही उरलं नव्हतं.

सगुणाबाईंनी पुढचा खोका ओढला. टेप वाकडी लागली.