शहाजादीच्या नावाला फिरलेलं सूप

केदारखेड्यात नंदाबाईच्या ओट्यासमोर अर्धं गाव जमलं होतं. लग्नघरातली सोन्याची पोत सकाळपासून सापडत नव्हती आणि कडूबा भगत सूप फिरवून चोर सांगणार होता. सुपात कात्री खोचायची, कात्रीच्या दोन कड्यांखाली दोघांनी एकेक बोट धरायचं आणि भगतानं नावं घ्यायची. चोराच्या नावाला सूप आपोआप फिरतं म्हणे.

"सूप म्हंजी लक्षुमी. तिला वशिला चालत न्हाई," कडूबा म्हणाला. कोंबडा मात्र चालत असावा, कारण तो आधीच त्याच्या पिशवीत गेला होता.

मी इथल्या शाळेतली बाई. थोतांड उघडं पाडावं म्हणून एका बाजूला मीच बोट लावलं. दुसऱ्या बाजूला नंदाबाईचा दीर धर्मराज. कडूबानं घरच्यांची, पाहुण्यांची, आचाऱ्याची नावं घेतली. सूप हललं नाही. मग तो म्हणाला, "शहाजादी."

सूप गर्रकन फिरलं.

शहाजादीकाकी सकाळी बांगड्या भरायला आल्या होत्या, त्या अजून तिथंच होत्या. पंचवीस वर्षांत गावातली एकही नवरी त्यांच्या हातच्या चुड्याशिवाय बोहल्यावर चढली नव्हती. पण नंदाबाई म्हणाली, "मला तवाच वाटलं व्हतं. असल्या लोकायचा काय भरवसा?" काकींनी टोपली सगळ्यांपुढं उपडी केली. "देख लो बाई, बराबर देख लो." बांगड्यांशिवाय काही निघालं नाही. तरी कुणाची नजर बदलली नाही.

मी पुन्हा सूप धरायला लावलं. या वेळी धर्मराज आणि त्याची बायको तृप्ती. दोघांच्या कानात कापूस कोंबला. कडूबा तीनदा "शहाजादी" ओरडला. सूप ढिम्म. मग त्याला सरपंच तातेरावांचं नाव घ्यायला लावलं आणि त्याच वेळी पाटीवर 'शहाजादी' लिहून त्या दोघांपुढं धरलं. सूप फिरलं.

"बघा," मी म्हणाले, "भगतानं नाव घेतलं तातेरावांचं. सूप फिरलं यांनी वाचलेल्या नावाला. ज्याच्यावर संशय, त्याच्या नावाला आपलंच बोट नकळत कलतं. यात लक्ष्मी कुठं आली?"

नंदाबाई शांतपणे म्हणाली, "म्हंजी दोन्ही बारीला तिचंच नाव निघालं की."



संध्याकाळी पोत नवरीच्या पेटीत, शालूच्या घडीत सापडली. गाव म्हणालं, सुपाच्या धाकानं शहाजादीनंच परत आणून ठेवली. काकी परत घरात शिरल्या कधी, हे मी विचारलं. काकींनी गाव सोडलं ते सोडलंच. त्या निघाल्या तेव्हा मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "तुम्ही कशाला बाई? तुम्ही तर आमच्या बाजूनं बोलल्या."

त्यांना सांगायचं धाडस झालं नाही, ते इथं सांगते. पहिल्या वेळी बोट धर्मराजचं कललं की माझं, मला माहीत नाही. पण त्यांचं नाव ऐकताच माझ्याही मनात आलं होतं, असेल बाई, हिनंच घेतली असेल. ही लाज जात नाही. म्हणून हात जोडून सांगते, नाव ऐकताच माणूस कळला असं वाटलं, की थांबा आणि स्वतःला विचारा, मी डोळ्यांनी काय पाहिलं?

मी काहीच पाहिलं नव्हतं. मी फक्त नाव ऐकलं होतं.