अडीचच्या आत

घर दाखवायची इंदुताईंची वेळ ठरलेली होती. सकाळी अकरा ते एक. फोनवर कोणी दुपारचं नाव काढलं की त्या मधाळ आवाजात म्हणत, "दुपारून आमच्या घरी लेकरू झोपते न भाऊ."

लेकरू म्हणजे त्यांची नात, मयुरीची अकरा महिन्यांची रेवा. आणि दुपारी त्या घरात ती कधीच झोपत नसे. गावामागच्या कोळशाच्या खाणीत रोज अडीचला सुरुंग उडत. त्याआधी भोंगा वाजला की ओळीतल्या सगळ्या बाया लेकरं काखेत मारून रस्त्यावर येऊन उभ्या राहत. मागच्या महिन्यात मधल्या खोलीच्या छताचा ताटाएवढा पोपडा सुटून नेमका पाळण्यात पडला होता. पाळणा रिकामा होता, म्हणून घरात त्यावर कोणी बोललं नाही.

मयुरीने नवऱ्याला सांगितलं, चंद्रपूरला खोली बघा. धनराजची नोकरी चंद्रपूरलाच होती, रोज मोटरसायकलने जाऊन येऊन करायचा. तो म्हणाला, बघू. हा शब्द तो असा उच्चारायचा, जणू निम्मं काम तेवढ्यानेच झालं. सासूबाईंनी मात्र अट घातली. "घरात दिवा लावणारं कोणी भेटू दे, मंग कुठीबी जाऊ."

तेव्हापासून भाडेकरू शोधण्यात मयुरीही सामील होती. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलेली ही पोरगी गव्हाच्या पिठाची खळ करून भिंतींच्या भेगांवर कॅलेंडरं डकवत होती. एका मधल्या खोलीतच सहा झाली. दोन बियाणंवाल्यांची, तीन पतसंस्थांची, एक देवाचं.

आधी इंदुताई फोनवरच आडनाव विचारून माणसं चाळून काढत. पण घराची खरी गत माहीत असलेले गावातले लोक फिरकेनात आणि बाहेरचे एकदा येऊन परत येईनात. तेव्हा चाळणी आपोआप खुंटीला गेली. म्हणून तर नागसेन सरांना काही न विचारता बोलावणं गेलं. चिमूरकडून बदली होऊन आलेले शाळामास्तर, बायको साक्षी, पाच महिन्यांचा मुलगा. अकराला यायचे ते दोनला आले. भद्रावतीहून येताना ऑटो पंक्चर झाला होता.

इंदुताईंचा चेहरा ऑटो पाहूनच उतरला. "या सर, या. लवकर पाहून घ्या, तुमाले जायाले उशीर होईन."

"नाही, ऑटो थांबवला आहे," सर म्हणाले आणि निवांत सुरू झाले. त्यांनी नळ सोडून पाहिला, बंद करून पाहिला. बटणं मोजली. मोरीत वाकून पाणी कुठं जातं ते विचारलं. मयुरी त्यांच्या मागे फिरत होती आणि मनात म्हणत होती, अरे शहाण्या, वर बघ. एकदा मान वर कर. पण असल्या माणसाला मोरी दिसते, छत दिसत नाही.

"कॅलेंडरं खूप आहेत," ते एवढंच म्हणाले.

"आमाले तारखेची लई आवड हाय," इंदुताई म्हणाल्या.

मयुरीला हसू आलं नाही. तिला दोघांचीही शिसारी आली. एक बाई इतकं सपाट खोटं बोलते, आणि मुलांना शिकवणारा एक माणूस त्यावर मान डोलावतो.

साक्षीने तोवर मधल्या खोलीतल्या खाटेवर आपला मुलगा निजवला होता. "प्रवासात दमला. थोडासा पडू द्या ताई."

खाट पंख्याखाली होती. पंख्याशेजारी छताला पांढऱ्या चुन्याचं ताजं ठिगळ होतं. ते मयुरीनेच मारलं होतं, स्टुलावर चढून.

भोंगा वाजला.

मयुरीच्या हातांनी तिला विचारलं नाही. रेवाला उचलून ती दाराबाहेर आलीसुद्धा. उंबऱ्याशी इंदुताई उभ्या होत्या. त्यांनी नुसतं पाहिलं. ते पाहणं साफ होतं. गप राह्य, आजचा दिवस निघून जाईन.

मयुरी वळली, आत गेली आणि दुसरं लेकरू दुसऱ्या काखेत घेतलं.

"ताई, काऊन उचलता त्याले?" साक्षी घाबरली.

"आधी बाहेर चला. सर, तुम्हीही."

रस्त्यावर बाया उभ्याच होत्या, पाणी यायची वाट पाहावी तशा. मग पायांखालची जमीन एकदा हलली आणि आवाज मागून आला. घरात भांडी थरथरली, काहीतरी बारीक सांडलं.

"हे रोज होते?" साक्षीने विचारलं.

"नाई व बाई, कदी मदी," इंदुताई म्हणाल्या.

समोरच्या घरची आशाबाई पदराने नाक पुसत म्हणाली, "कदी मदी काय व इंदुताई? रोजचं हाय. आयतवारी तेवढी सुट्टी."

दोघीतिघी हसल्या. सर आता छताकडे बघायला आत गेले होते. उशिरा का होईना.

साक्षीने मयुरीच्या काखेतून मुलगा काढून घेतला. "तुम्ही सांगणार होत्या का आम्हाला?"

"नाही," मयुरी म्हणाली. "अकराला आला असता, तर नाही."

साक्षीने ज्या नजरेने पाहिलं ती मयुरीच्या ओळखीची होती. मघापासून तीच नजर ती सासूवर आणि मास्तरांवर रोखून होती. ती आपल्यावर बसली की कशी लागते, हे तिला आत्ता कळलं.

सर बाहेर आले, चप्पल घालून सरळ ऑटोकडे निघाले. इंदुताईंचा आवाज चढला. "झालं तुह्यं समाधान? आलेलं गिऱ्हाईक घालवलं. आता राह्य इथीच."

राह्य इथीच. मयुरीला सगळं लख्ख दिसलं. आपलं लेकरू निघावं म्हणून ती इतके दिवस दुसऱ्याच्या लेकराची वाट पाहत होती. त्याच खाटेवर ठेवायला. सासूने अट घातली, नवऱ्याने बघू म्हटलं, आणि खळ मात्र हिनेच शिजवली.

ती आत गेली. रेवाचे कपडे, दुधाची बाटली, स्वतःची पर्स, एवढंच पिशवीत कोंबलं.

"कुठी चालली?" इंदुताई.

"चंद्रपूरला. त्यांच्या ऑफिसात."

"धनराजले विचारलं का?"

"तेच विचारायला जातेय. रेवाला त्यांच्या टेबलावर बसवते, म्हणजे बघू म्हणायला समोर काही तरी असेल."

"आन् घर? दिवा कोण लावन?"

"तुम्हीही चला, आई. नाही तर तुम्हीच लावा."

ऑटो सुरू झाला होता. मयुरी त्याच्या दांडीला हात लावून उभी राहिली. "भद्रावतीपर्यंत जागा आहे का?"

सरांनी बायकोकडे पाहिलं. साक्षीने मयुरीकडे पाहिलं नाही. शेजारी ठेवलेली आपली पिशवी तेवढी तिने उचलून मांडीवर घेतली.