दहा फुटांवरचं पाणी

बंद खाणीतल्या पाण्याची बाटली बाबांनी खिडकीच्या उजेडात धरली आणि एक डोळा मिटून पाहिलं. लेक टेबलाशी बसून बाकीच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. शहराचा तलाव आटला होता, नळाला दिवसाआड तासभर पाणी. खाणीत साठलेलं पाणी शुद्ध करून पुरवायची योजना पाणीखात्यात तिच्याकडेच होती.

"किती खोलवरचं हे?"

"दहा फूट."

"मग ही साय झाली, बाई. वर पावसाचं पाणी बसलंय. खालचं दूध नासलेलं. आमच्या पंपाचे बोल्ट सहा महिन्यांत खायचं ते. आधी खालचं काढून बघ."

तिनं मान वर केली नाही. "बाबा, प्रयोगशाळेचा अहवाल आलाय. तुम्ही पंप चालवलेत, पाणी तपासलं नाहीत."

बाबा हसले. "खरंय, मॅडम. तपासलं नाही. एकतीस वर्षं त्यात उभा राहिलो नुसता."

मग त्यांनी दोघांचा चहा टाकला, तिच्या कपात साखर जास्त पडली म्हणून स्वतःलाच दोन शब्द सुनावले, आणि विषय तिथंच राहिला.

सकाळी ते उठले नाहीत.

पंधरा दिवसांनी ती कामावर आली तेव्हा खाणीवर पंप बसला होता. दोन दिवस पाणी काचेसारखं आलं. तिसऱ्या दिवशीही पाइपातून स्वच्छच पडलं, पण बादलीत तासभर ठेवल्यावर विटकरी झालं. तळाशी गंजाचा गाळ बसला. बादलीपाशी ती बराच वेळ उकिडवी बसून राहिली. कुणीतरी म्हणालं, मॅडम, ऊन लागेल.

योजना सहा महिने मागे गेली. लोखंड काढायची वेगळी टाकी बांधावी लागणार होती. शहर तोवर तहानलेलंच.

मुख्य अभियंत्यांच्या खोलीत सात जण बसले होते. साहेब भला माणूस. त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "तुमचा दोष नाही, मॅडम. खाली असं असेल हे कुणाला ठाऊक असणार? आम्ही 'अनपेक्षित' असं लिहिलंय. सही करा आणि घरी जा. कसल्या दिवसांतून जाताय तुम्ही, आम्हाला कळतं."

या खात्यात तिला अकरा वर्षं झाली होती. वडील काय करायचे, असं कुणी विचारलं की ती म्हणे, खाणीत होते. लोक समजत, अभियंता असतील. ती समजू देई.

तिनं पेन उचललं. शब्द नीट टाइप केलेला होता, सोयीचा होता. तिनं पेन खाली ठेवलं.

"ठाऊक होतं, साहेब," ती म्हणाली. "माझे वडील त्या खाणीत पंपवाले होते. त्यांनी मला सांगितलं होतं. मी त्यांना गप्प केलं."