लिंबावरचा शिपाई

मी एक नवा, बोटाएवढा, प्लास्टिकचा शिपाई आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसणारे बहुतेक जण म्हातारे असतात. मी तसा नाही. माझं खोकं उघडून अजून वर्षही झालेलं नाही. पण एवढ्याशा आयुष्यात मी इतका घाबरलो आहे, की सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आधी माझं रूप सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. मला चार हात आहेत, डोक्यावर दोन शिंगं आहेत आणि तोंड वासलेलं आहे. मी ज्या खेळातला आहे, तो टेबलावर मांडून फाशांनी खेळायचा लढाईचा खेळ आहे. त्यात एका बाजूला चिलखत घातलेली माणसं असतात आणि दुसऱ्या बाजूला लांबच्या कुठल्याशा ग्रहावरून आलेले आम्ही. खोक्यावरच्या चित्रात मी किंचाळत शत्रूवर धावून जातो आहे. मला घडवणाऱ्याला मी क्रूर दिसायला हवा होतो. खरं सांगू? साच्यात तापलेलं प्लास्टिक ओतलं तेव्हाच माझी घाबरगुंडी उडाली, आणि तोंड तसंच राहिलं.

हे खोकं पुण्यात नोकरी करणाऱ्या अमरनं आपल्या चुलत बहिणीला, गुंजनला पाठवलं. गुंजन आठवीत शिकते. तिचं गाव पवनी तालुक्यात, अड्याळपासून थोडं आत, तलावाच्या पाळीखाली आहे. खोक्यात आम्ही सगळे एका चौकटीला देठांनी चिकटलेले होतो, फांदीला लागलेल्या चिंचांसारखे. गुंजननं नखं कापायचं नेलकटर घेतलं आणि एकेक देठ तोडला. माझा एक हात जाता जाता वाचला. मी डोळे मिटून घेतले असते, पण मला पापण्या नाहीत.

खोक्यात रंग नव्हते. पोळा तोंडावर आला होता आणि घरात बैलांच्या शिंगांसाठी आणलेला लाल रंग होता. मोबाईलवरच्या व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं होतं, की बाहुला बुचावर चिकटवायचा आणि बूच धरून रंगवायचा, म्हणजे बोटं लागत नाहीत. गुंजनला बूच सापडलं नाही. परसातलं लिंबू सापडलं. सालीवर गोंद धरेना, म्हणून तिनं चारी बाजूंनी टाचण्या टोचून मला लिंबावर पक्कं उभं केलं. मग मला अंगभर लाल केलं आणि शिंगं काजळानं काळी केली. घरात तिचा धाकटा भाऊ मोनू दिसेल त्याला हात लावतो. म्हणून तिनं मला वाळायला बैलांच्या कोठ्यात, गव्हाणीच्या वरच्या कोनाड्यात ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या काळजात आता धस्स झालं असेल. गुंजनच्या मात्र काही ध्यानात आलं नाही. तिच्या डोक्यात दूरच्या ग्रहावरची लढाई चालली होती.

पोळ्याच्या दिवशी सकाळी एका बैलानं वैरणीवरून तोंड फिरवलं. गुंजनची मोठी आई, म्हणजे तिची काकू चंद्रभागाबाई, त्याला चुचकारत होती. चुचकारता चुचकारता तिनं वर पाहिलं. हातातलं घमेलं खाली पडलं.

“अवो, इकडं या,” तिनं नवऱ्याला हाक मारली. आवाज इतका खाली गेला होता, की ती ओरडली असती तर मला कमी भीती वाटली असती.

पुंडलिकराव आले आणि दारातच थबकले.

“करणी होय,” चंद्रभागाबाई म्हणाली. “लिंबू हाय, टाचण्या हायेत, आन् वरतं हा राक्षस. म्हणून बैल खाऊन नाही राहिला.”

“आपल्या घरी कोण करन असं?”

“काल ताक मांगाले आनंदाबाई आली होती. कोठ्यातूनच गेली.”

आनंदाबाई पलीकडच्या गल्लीत एकटी राहते. मी तिला पाहिलं होतं. एका हातात रिकामं भांडं होतं, दुसऱ्या हातानं तिनं बैलाचं कपाळ खाजवलं आणि ती घराकडे गेली. माझ्याकडे तिनं मान वर करूनसुद्धा पाहिलं नव्हतं. हे फक्त मला ठाऊक होतं. माझं तोंड एवढं उघडं, आणि त्यातून शब्द निघत नव्हता.

दुपारपर्यंत गोष्ट गावभर झाली. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत नावाची बाहुली मिरवत काढतात. गावातली रोगराई, पीडा सगळी त्या बाहुलीवर घालून तिला शिवेबाहेर जाळतात. तिच्यासोबत मलाही जाळायचं ठरलं. मला चिमट्यानं उचलून लिंबासकट फडक्यात बांधलं. तापलेलं प्लास्टिक म्हणजे काय, हे मी जन्मतःच भोगलं होतं. फडक्याच्या अंधारात मला तेवढंच आठवत होतं.

गुंजननं सगळं ऐकलं होतं. ती फडक्यापाशी आली, थांबली आणि गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. सणासुदीला घराला घोर लावला म्हणून सगळे तुटून पडतील, याची तिला भीती होती. मला तिचा राग आला नाही. घाबरून गप्प बसणं मला चांगलं कळतं.

सकाळी मुलं मारबत घेऊन निघाली. “रोगराई घेऊन जा गे मारबत” म्हणत सगळा गलका आनंदाबाईच्या गल्लीत शिरला. फडकं मारबतीच्याच काठीला लटकत होतं. फडक्याच्या फटीतून मला दिसलं, गल्लीतली सगळी दारं उघडी होती. तिचं बंद होतं.

“इथंच थांबवा,” शेजारचा मंगरू म्हणाला. “तिच्याच हातानं टाकाले लावा आगीत.”

कुणी नको म्हणालं नाही. कुणीतरी कडी वाजवली. आतून काहीच आवाज आला नाही. तेव्हा मला आगीपेक्षा त्या बंद दाराची जास्त भीती वाटली.

“थांबा. तो माहा हाय.”

गुंजन गर्दीतून पुढे आली. तिनं फडकं सोडलं आणि मला सगळ्यांसमोर धरलं. “अमरदादानं पाठवला. खेळातला हाय. मीच रंगवला. हाताले रंग लागू नये म्हणून मीच लिंबावर लावला.”

“मंग कालच काहून नाही बोलली?” चंद्रभागाबाईनं विचारलं.

“भेली होती, मोठी आई.”

“बैल तं कालच्या सांजीपासून खाऊन राहिला,” पुंडलिकराव हळूच म्हणाले. हे कुणाला सांगावं असं त्यांना सुचलंच नव्हतं. मंगरूनं मान खाली घातली. मारबत पुढे गेली. दार उघडलं नाही.

संध्याकाळी तान्हा पोळा होता. मुलं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि लोक त्यांना खाऊ देतात. गुंजन आता त्यासाठी मोठी झाली आहे. तरी तिनं मोनूचा बैल घेतला, त्याच्या पाठीवर मला बसवलं आणि ती आनंदाबाईच्या दारात गेली. मागे चंद्रभागाबाई ताकाचं भांडं घेऊन उभी होती. मोनूनं हाका मारल्यावर दार उघडलं.

“ताक आणलं,” चंद्रभागाबाई म्हणाली. तिनं भांडं उंबऱ्यावर ठेवलं.

आनंदाबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं मला उचललं.

“याचं तोंड काहून असं?”

“लढाईत ओरडून राहिला तो,” गुंजन म्हणाली.

आनंदाबाईनं मला जरा जवळ धरलं. “नाही व माय,” ती म्हणाली. “भेला हाय तो.”

मित्रांनो, मला घडवणाऱ्याला जे कळलं नाही, ते तिला कळलं. मला रडू आलं असतं, पण माझे डोळे तसे केलेले नाहीत.

आता मी गुंजनच्या खिडकीत असतो. लाल रंग निघत नाही. खेळ झाला की खेळणी खोक्यात नीट ठेवा, एवढं तर मी तुम्हाला सांगेनच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. माझं तोंड सदा उघडं आहे आणि कुणाच्या कामाचं नाही. तुमचं उघडतं. भीती वाटली तरी ते त्याच दिवशी उघडा. गुंजननं उघडलं, पण दुसऱ्या दिवशी.

ताकाचं भांडं घासूनपुसून मोनूच्या हाती परत आलं. तेव्हापासून आनंदाबाई आमच्याकडे ताक मागायला येत नाही.